सहाच्या जागेवरचं अक्षर: ग्रीक आकडे कसे वाचायचे

कोनाला थीटा, तरंगलांबीला लॅम्डा, घनतेला रो, बेरजेला सिग्मा, वर्तुळाला पाय. बारावीपर्यंत विज्ञान केलेल्या कुणालाही निम्म्याहून जास्त ग्रीक अक्षरं आधीच येत असतात, आणि जुने ग्रीक लोक आकडेही याच अक्षरांनी लिहीत. म्हणून माझ्या शिकवणीतल्या मुलांना ग्रीक आकडे शिकवताना मी अक्षरं गिरवायला लावत नाही. पहिल्याच दिवशी तक्ता करून घेते. तुम्हीही तसंच करा. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात मिळते तसली मोठ्या चौकड्यांची वही घ्या आणि पेन्सिल घ्या. पेन नको, कारण काही घरं आपल्याला बराच वेळ रिकामी ठेवायची आहेत.

मी सदाशिव पेठेत गणिताच्या शिकवण्या घेते. ग्रीक भाषा मला येत नाही आणि या कामाला ती लागतही नाही. मला टॉलेमी या खगोलशास्त्रज्ञाचा जीवांचा तक्ता मूळ आकड्यांत वाचायचा होता; जीवा म्हणजे वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणारी सरळ रेघ. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून त्याने अर्ध्या अंशापासून १८० अंशांपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या अंशाने, ३६० ओळींत वर्तुळाच्या जीवांची लांबी काढून ठेवली. त्रिकोणमिती शिकवणाऱ्या प्रत्येकाने त्यातली एक तरी ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी असं माझं ठाम मत आहे. तो वाचता यावा एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

वहीत नऊ उभी घरं आणि तीन आडव्या ओळी आखा. वरच्या ओळीत एकं, मधल्या ओळीत दहं, खालच्या ओळीत शतं. आता अक्षरं क्रमाने भरा, पण मी सांगते ती तीन घरं सोडून.

एकं: अल्फा १, बीटा २, गॅमा ३, डेल्टा ४, एप्सिलॉन ५, सहाचं घर रिकामं, झीटा ७, ईटा ८, थीटा ९.

दहं: आयोटा १०, कॅपा २०, लॅम्डा ३०, म्यू ४०, न्यू ५०, क्साय ६०, ओमिक्रॉन ७०, पाय ८०, नव्वदचं घर रिकामं.

शतं: रो १००, सिग्मा २००, टाऊ ३००, उप्सिलॉन ४००, फाय ५००, काय ६००, प्साय ७००, ओमेगा ८००, नऊशेचं घर रिकामं.

घरं सत्तावीस, अक्षरं चोवीस. हिशोब पुरा करायला तीन चिन्हं कमी पडतात. ती तीन कुठून आली हे समजलं की तक्ता पाठ करावा लागत नाही.

सहापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात सुरस गोष्ट तिथेच आहे. ग्रीकांनी लिपी घेतली फिनिशियनांकडून, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन व्यापारी लोकांकडून, आणि अक्षरांचा क्रमही त्यांचाच ठेवला. त्या क्रमात सहावं अक्षर होतं वाव. ग्रीकांनी त्याचा उच्चार ठेवला आपल्या 'व'सारखा, आकार जवळजवळ इंग्रजी एफचा. एकावर एक ठेवलेल्या दोन गॅमांसारखं दिसतं म्हणून पुढे त्याला डिगॅमा म्हणू लागले. ग्रीकांकडून इटलीत एट्रुस्कन लोकांकडे आणि तिथून रोमनांकडे गेलेलं हेच अक्षर इंग्रजीत एफ म्हणून आपण रोज पाहतो.

पण खुद्द ग्रीकांच्या एका मोठ्या गटाच्या तोंडून हा 'व' फार लवकर गेला. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर मिलेटस, एफेसस ही शहरं होती, त्या आयोनिया भागात 'व' म्हणतच नसत. बीओशिया किंवा क्रीट अशा दुसऱ्या ग्रीक भागांकडे तो आणखी काही शतकं टिकला. आपल्यासारख्या संस्कृतातून आलेल्या भाषा बोलणाऱ्यांना ही गळती लगेच दिसते. आपली विंशति, वीस. डोरिक बोली बोलणाऱ्या ग्रीकांची 'विकाति'. आणि आयोनियात नुसतं 'एइकोसि'. संस्कृतात 'वेद' म्हणजे मला ठाऊक आहे, ग्रीकमध्ये 'ओइदा'. अवि म्हणजे मेंढी, तिकडे 'ओइस'. प्रत्येक जोडीत 'व' आपल्याकडे राहिला आणि तिकडे गळला. होमरच्या काव्यात काही ओळी वृत्तात बसत नाहीत, पण योग्य जागी हा हरवलेला 'व' परत घातला की चपखल बसतात. अठराव्या शतकात केंब्रिजच्या रिचर्ड बेंटलीने हे दाखवून दिलं. त्याच्या हातात तेव्हा पुरावा म्हणून फक्त वृत्त होतं. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने मायसीनियन काळातल्या, म्हणजे होमरच्याही कित्येक शतकं आधीच्या, मातीच्या पाट्यांची लिपी उलगडली, तेव्हा राजासाठीचा शब्द तिथे 'वानाका' असा 'व'सकट लिहिलेला सापडला. होमरच्या उपलब्ध पाठात तो 'अनाक्स' आहे.

आता आकड्यांकडे. अक्षरांनी मोजण्याची ही पद्धत रुजली ती याच आयोनियात, जिथे 'व' कुणी बोलतच नव्हतं. तिथल्या लोकांनी ते अक्षर वर्णमालेतून काढून टाकलं असतं तर झीटाला सहा मिळाले असते, ईटाला सात, आणि पुढची सगळी रांग एकेक घर मागे सरकली असती. तसं झालं नाही. सहावी जागा वावची आहे ही जुन्या क्रमाची आठवण पक्की होती आणि मोजायला चिन्हं तर हवीच होती. शब्दांत ज्याला काम उरलं नव्हतं त्या अक्षराला मोजणीत काम मिळालं. आपल्या वर्णमालेच्या तक्त्यावर ऌ अजून आहे, मराठीत तो क्लृप्तीपुरता भेटतो. पण ऌला निदान ती एक क्लृप्ती आहे. डिगॅमाला आयोनियन ग्रीकमध्ये एकही शब्द उरला नव्हता, फक्त सहा हा आकडा होता. अथेन्सने इसवी सनापूर्वी ४०३ च्या सुमारास आयोनियाची वर्णमाला अधिकृतपणे स्वीकारली, तीही या अक्षराशिवायच. अक्षरांचे आकडे मात्र हळूहळू सगळ्या ग्रीक जगात पसरले आणि त्यांच्याबरोबर डिगॅमाही पसरला.

वहीत सहाच्या घरात आता त्याची चित्रं काढा. एक पुरणार नाही, कारण आकडा झाल्यावर या अक्षराचा चेहरा खूप बदलला. पहिलं चित्र इंग्रजी एफचं. दुसरं चौकोनी सी: एफची मधली आडवी रेघ खाली सरकत पायाशी आली की होतो तसा. तिसरं गोल सी, आणि त्याच्या खालच्या टोकाला खाली वळलेली शेपटी. हे तिसरं रूपच तुम्हाला हस्तलिखितांत आणि छापील पुस्तकांत भेटणार आहे. मध्ययुगात बायझँटाईन, म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपलच्या ग्रीकभाषी साम्राज्यातले, लेखनिक सिग्मा आणि टाऊ ही दोन अक्षरं जोडून लिहीत, ते जोडाक्षरही हुबेहूब असंच दिसे. दोन्ही एकच समजली गेली आणि सहाच्या चिन्हाला स्टिग्मा हे जोडाक्षराचं नाव चिकटलं. आज ग्रीसमध्ये प्राथमिक शाळेची सहावी इयत्ता लिहिताना बऱ्याचदा सरळ सिग्मा आणि टाऊ अशी दोन सुटी अक्षरं लिहितात. एप्सिलॉन आणि झीटाच्या मध्ये ही जोडी दिसली की तो सहा.

म्हणून माझा पहिला नियम: ओळख जागेवरून पटवायची, चेहऱ्यावरून नाही. शब्दाच्या शेवटी येणारा सिग्माही अगदी शेपटीवाल्या सीसारखा असतो, आणि मोबाईलच्या ग्रीक कळफलकावर डिगॅमा नसल्यामुळे पुष्कळ लोक त्याच्याऐवजी तो शेवटचा सिग्माच टाकतात. गोंधळू नका. आयोटानंतर, म्हणजे दहानंतर, शेपटीवाला सी आला तर तो सहाच. तिथे दोनशे येऊन उभे राहणार नाहीत.

दुसरा नियम मुलांना जास्त जड जातो: स्थानमूल्य विसरायचं. आपण १६ लिहितो तेव्हा एकाला दहाची किंमत येते ती तो डावीकडे आहे म्हणून. ग्रीक पद्धतीत आयोटा कुठेही असला तरी दहाच. सोळा म्हणजे आयोटा आणि डिगॅमा, नुसती बेरीज. साधारणपणे मोठा आकडा आधी लिहितात, पण शिलालेखांत आणि नाण्यांवर उलटा क्रमही सापडतो आणि किंमत तीच राहते. एकशे सहाला रो आणि डिगॅमा पुरतात, मधल्या दहंच्या जागी काहीच लिहावं लागत नाही.

हे वाचून पटत नसेल तर नाणेघाटात जाऊन या. जुन्नर तालुक्यात, जीवधनच्या शेजारी, घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी, हत्ती आणि कार्षापण नावाची नाणी यांचे आकडे त्यात ब्राह्मीत कोरलेले आहेत. तिथेही दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं, आणि हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलं की चार हजार. स्थानमूल्य नाही आणि शून्यही नाही. दगड झिजला आहे, सगळं वाचता येत नाही, तरी मुलांना तिथे उभं केलं की 'आपले आकडे पहिल्यापासून असेच होते' हा समज एका मिनिटात जातो. जुन्नरच्या लेण्यांत यवन (तेव्हा ग्रीकांना यवन म्हणत) दात्यांचेही लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने तिथे पाण्याची दोन टाकी दान दिली. मी मुलांना घेऊन जाते ती पावसाळा सरल्यावर, कारण पावसात त्या दगडी वाटेवर पाय ठरत नाही.

हजारासाठी एक खूण लक्षात ठेवा: अक्षराच्या डाव्या पायाशी एक छोटी तिरकी रेघ. अल्फाच्या पायाशी रेघ म्हणजे हजार, डिगॅमाच्या पायाशी रेघ म्हणजे सहा हजार. आणि हा शब्द नसून आकडा आहे हे कळावं म्हणून हस्तलिखितांत अक्षरांवर आडवी रेघ ओढतात, तर छापील पुस्तकात शेवटच्या अक्षराच्या उजव्या खांद्यावर छोटी तिरकी रेघ.

आता टॉलेमी. हा तक्ता त्याच्या अल्माजेस्ट या ग्रंथात आहे. त्या ग्रंथाची हायबर्ग यांनी संपादित केलेली ग्रीक आवृत्ती १८९८ पासून छापली गेली आणि तिची स्कॅन केलेली पानं इंटरनेटवर मिळतात. पहिल्या भागातला जीवांचा तक्ता उघडा. डावीकडच्या स्तंभात कोन आहे. त्याच्या शेजारी तीन उपस्तंभांत जीवेची लांबी, त्रिज्या ६० भाग धरून: भाग, कला, विकला. पंचांगात अंश-कला-विकला असतात त्याच जातीचं हे साठाच्या पटीतलं मोजमाप आहे. त्याच्या उजवीकडे आणखी एक स्तंभ मधल्या किमती काढण्यासाठी आहे, तो सध्या झाकून ठेवा.

सहा अंशांची ओळ शोधा. डावीकडे एकटा शेपटीवाला सी. त्याच्या शेजारी पुन्हा तोच. मग आयोटा आणि परत तोच. मग म्यू आणि थीटा. तक्त्यात बघून वाचा: कोन ६, जीवा ६ भाग १६ कला ४९ विकला. एका ओळीत हे अक्षर तीनदा आलं आहे. म्हणूनच मी सुरुवात नेहमी याच ओळीने करते.

वाचलेलं बरोबर आहे का हे तपासायला तुमच्याकडे कॅल्क्युलेटर आहे. कोनाच्या निम्म्याचा साईन काढा आणि १२० ने गुणा. तीन अंशांचा साईन गुणिले १२० म्हणजे ६.२८०३. टॉलेमीचे ६ भाग, १६ कला आणि ४९ विकला यांचा दशांश केला तर ६.२८०३ च येतात. अठराशेहून अधिक वर्षांपूर्वी हाताने काढलेली किंमत आपल्या यंत्राशी चार दशांश स्थळांपर्यंत जुळते, आणि ती आपण स्वतः मूळ आकड्यांतून वाचलेली असते. मुलं या क्षणी जी काही बोलतात ती ऐकायला मी वर्षभर शिकवते. हीच पडताळणी चुकीच्या वाचनालाही पकडते. कुणी त्या चिन्हाला सिग्मा समजून २०० वाचलं, तर व्यासच १२० भागांचा असलेल्या वर्तुळात २०० भागांची जीवा येईल. आणि कला-विकलांच्या स्तंभात तर ५९ च्या वर काही येऊच शकत नाही.

याच युक्तीने शून्य ओळखता येतं. टॉलेमी रिकाम्या जागी एक छोटं गोल चिन्ह वापरतो आणि छापील पानावर ते ओमिक्रॉनसारखं, म्हणजे ७० सारखं दिसतं. साठ अंशांच्या ओळीत क्साय आहे आणि पुढे दोन गोल: ६० भाग, ० कला, ० विकला. कला-विकलांत ७० अशक्य, म्हणून ते शून्य. पण ७२ अंशांच्या ओळीत पहिल्या उपस्तंभात तेच गोल दिसेल, आणि तिथे ते खरोखर सत्तर आहे: ७० भाग, ३२ कला, ३ विकला.

तिथून खाली नव्वद अंशांवर या, म्हणजे दुसरं रिकामं घर भरता येईल. ते चिन्ह कोप्पा. जुन्या रूपात खाली दांडी असलेलं वर्तुळ, छापील रूपात वीज काढतात तशी मोडती रेघ. फिनिशियन क्रमात ते पाय आणि रो यांच्या जागांच्या मध्येच होतं, त्यामुळे ८० आणि १०० च्या मध्ये ते बिनबोभाट बसलं. कॉरिंथच्या चांदीच्या नाण्यांवर पंखांच्या घोड्याखाली हेच अक्षर शहराची खूण म्हणून असतं, आणि लॅटिनचा क्यू त्याच्यापासूनच आला. ओळ वाचा: कोप्पा, पाय-डेल्टा, न्यू-अल्फा, आयोटा. म्हणजे ८४ भाग, ५१ कला, १० विकला. कॅल्क्युलेटरवर ४५ अंशांचा साईन गुणिले १२० करून बघा.

तिसऱ्या घरातलं चिन्ह साम्पी, नऊशे. आधीची दोघं आपापल्या जुन्या जागी राहिली. हे मात्र ओमेगाच्याही मागे, रांगेच्या अगदी शेवटी आहे. आयोनियातल्या काही शिलालेखांत ते टाऊसारखं, पण आडव्या रेघेची दोन्ही टोकं खाली झुकलेली असं दिसतं. छापील पानावर ते एका बाजूला कललेली कमान आणि आत दोन तिरक्या रेघा असं असतं. जीवांच्या तक्त्यात नऊशेचं काम पडत नाही. त्यासाठी मी बायझँटाईन तारखा वापरते.

त्या लोकांची एक कालगणना जगाच्या उत्पत्तीपासून होती आणि ती उत्पत्ती त्यांनी इसवी सनापूर्वी ५५०९ च्या १ सप्टेंबरला धरली होती. जानेवारी ते ऑगस्टमधली तारीख असेल तर त्यांच्या वर्षातून ५५०८ वजा करायचे, सप्टेंबर ते डिसेंबरमधली असेल तर ५५०९. एक उदाहरण: पायाशी रेघ असलेला डिगॅमा, मग टाऊ, म्यू, गॅमा. ६३४३. महिना मे. ५५०८ वजा केले की ८३५. उस्पेन्स्की गॉस्पेल्स हे हस्तलिखित त्या वर्षी लिहून पुरं झालं. दुसरं: पायाशी रेघ असलेला डिगॅमा, साम्पी, क्साय, अल्फा. ६९६१. कॉन्स्टॅन्टिनोपल मे महिन्यात पडलं. वजाबाकी तुम्ही करा, उत्तर शाळेच्या इतिहासात पाठ केलेलंच आहे.

या गणनेत इसवी सन ४९१ च्या सप्टेंबरपासून १४९१ च्या ऑगस्टपर्यंतचं प्रत्येक वर्ष सहा हजारांत येतं. म्हणजे त्या हजार वर्षांतली तारीख या पद्धतीने लिहायची तर पहिलं चिन्ह डिगॅमाच. ज्या अक्षराचा उच्चार कुणाच्या बापजाद्यांनीही ऐकला नव्हता ते लेखनिक आपल्या तारखांच्या सुरुवातीला लिहीत होते. मला या विषयात सगळ्यात जास्त थक्क करणारी गोष्ट हीच वाटते, आणि मी ती मुलांना कधीच घाईत सांगत नाही.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला ६६६ हा आकडाही आता तुम्हाला लिहिता येईल: काय, क्साय, डिगॅमा. इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकसला सापडलेल्या एका पपायरसच्या तुकड्यावर मात्र काय, आयोटा, डिगॅमा आहे. तो कोणता आकडा होतो ते तक्त्यात पाहा.

सरावासाठी आधी शंभरापर्यंतचे सगळे सहा लिहा: ६, १६, २६ करत ९६ पर्यंत. मग घरातल्या माणसांची जन्मवर्षं. माझ्या एका तुकडीतली बहुतेक मुलं १९९६ ची होती, आणि त्या वर्षासारखं वर्ष विसाव्या शतकात दुसरं नाही. पायाशी रेघ असलेला अल्फा काढा, हजार. नऊशेला साम्पी. नव्वदला कोप्पा. सहाला डिगॅमा. शेवटच्या चिन्हाच्या उजव्या खांद्यावर छोटी तिरकी रेघ द्या. वहीतली तिन्ही रिकामी घरं या एका वर्षात भरतात, तेव्हा हे वर्ष लिहून झाल्यावरच त्या घरांवर पेन फिरवा.